लांब एक, आखूड दोन

रविवार, ६ ऑक्टोबर

आज वृत्तपत्राची पुरवणी उघडली आणि समोरचा चहा तसाच निवून गेला. ‘गाडी काढा आणि सुटा : दहा थरारक घाटरस्ते’ असा मथळा, आणि त्या दहांत सातव्या क्रमांकावर आमची खिंड! छायाचित्र भलत्याच घाटाचे. आमच्या घाटाला लोखंडी कठडा नाही, दगडी आहे. तेथून एकदा तरी गाडी नेलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. वर्णन असे : ‘हा रस्ता म्हणजे मृत्यूशी लपंडाव.’ ज्या रस्त्याची मी उमेदीची सारी वर्षे मार्ग-निरीक्षक म्हणून देखभाल केली, ज्याच्या प्रत्येक मोरीत मी ओणवा होऊन डोकावलो आहे, तो रस्ता म्हणजे या गृहस्थांच्या लेखी लपंडाव. तळपायाची आग मस्तकाला गेली.

सर्वांत संतापजनक गोष्ट ही की, भोंग्याच्या संकेताविषयी त्यात अवाक्षर नाही. आमच्या घाटात पलीकडचे काही न दिसणारी वळणे पुष्कळ. तेथे चढणाऱ्या वाहनाने एक लांब भोंगा द्यावा. उतरणाऱ्याने तो ऐकताच दोन आखूड भोंग्यांनी उत्तर देऊन जागीच थांबावे, आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. उत्तर न आल्यास रस्ता मोकळा समजून हळू पुढे जावे. हा संकेत मी घालून दिला. ‘लांब एक, आखूड दोन’ हे फलक माझ्या देखरेखीखाली रंगवले गेले, आणि रंगाऱ्याने दोनदा चुकवलेला फलक मी दोन्ही वेळा पुसायला लावला होता.

मी सौ.ला म्हणालो, “या घाटाची बिनचूक माहिती देणारी पुस्तिका आता मलाच लिहावी लागणार.”

ती काहीतरी पुटपुटली. हल्ली या घरात सगळेच पुटपुटतात. वाक्याचा शेवट गिळण्याची ही साथ नभोवाणीपर्यंत पोहोचली आहे. बातम्या देणारी बाईदेखील तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलते.

“स्पष्ट बोल,” मी म्हणालो.

“म्हटलं, लिहा की!” ती एवढ्याने ओरडली की शेजारच्या बाई खिडकीत आल्या. या घरात मधला सूर म्हणून उरलेलाच नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

पुस्तिकेसाठी पहिली फेरी. गाडी जुनी आहे, पण माझ्यासारखीच निगेत ठेवलेली.

पायथ्याची लाकडाची वखार सोडली की रस्ता आधी सभ्यपणे चढू लागतो. पहिली काही वळणे रुंद; दोन्ही बाजूंना दाट झाडोरा, त्यामुळे उंची जाणवत नाही. मग एकाएकी झाडे संपतात आणि संपूर्ण दरी उजेडात उघडी पडते. खाली नदी एखाद्या सैल दोऱ्यासारखी, आणि समोरच्या उतारावर ढगांच्या सावल्या सरकत असतात. नवखा चालक येथेच चुकतो. तो दरी पाहतो. पाहायचे असेल, तर गाडी बाजूला घेऊन, हातब्रेक ओढून पाहावे. (हे वाक्य पुस्तिकेत जसेच्या तसे घेणे.) पुढे ‘कोपर’. दुमडलेल्या हाताच्या कोपरासारखे हे वळण डोंगराच्या सुळक्याला वळसा घालते. एका अंगाला सरळ कातळ, दुसऱ्या अंगाला दगडी कठडा, आणि दोन वाहने शेजारून जाऊ शकत नाहीत. कोपर ओलांडले की खिंडीचा वारा तोंडावर येतो. इतक्या वर्षांनंतरही तो वारा लागला की माझी छाती दोन बोटे रुंद होते.

परंतु शिस्त म्हणून काही उरलेले नाही. प्रत्येक वळणावर मी लांब भोंगा दिला. उत्तर एकाचेही नाही! वळण घेतो, तो समोर वाहन उभे. कोपरावर दुधाचा टँकर होता. योगायोगाने तोही थांबलेलाच होता, म्हणून बरे. वर त्या चालकाने मला खिडकीतून दोन बोटे नाचवून दाखवली. या वयाच्या माणसाला असले चाळे दाखवताना लाज कशी वाटत नाही? मी काच खाली करून त्याला एक संपूर्ण वाक्य ऐकवले. तो हसला.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

कुकरमधली डाळ करपली. सौ. बाहेर गेली होती आणि मी तेथेच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, पुस्तिकेचा मजकूर लिहीत होतो. एकही शिट्टी झाली नाही. कारखानदारांनी शिट्टीतही काटकसर सुरू केलेली दिसते. शिवाय परसातले पक्षी नाहीसे झाले आहेत. पूर्वी पहाटे त्यांचा केवढा गलका असे! नगरपालिकेला वृक्षतोडीसंबंधी लिहिले पाहिजे.

शनिवार, १२ ऑक्टोबर

अक्षर वाकडे येत आहे, तरी लिहितो.

खिंडीतून परत उतरत होतो. कोपराआधी नियमाप्रमाणे वेग कमी केला, काच पूर्ण खाली घेतली, कान देऊन ऐकले. लांब भोंगा नाही. काही नाही. तेव्हा रस्ता मोकळा समजून पुढे गेलो, आणि वळणाच्या ऐन मध्यावर समोर प्रवाशांनी भरलेली बस! मी गाडी कठड्याकडे घेतली. दिवा फुटला, पत्रा दगडावर घासत गेला आणि पुढचे चाक कठड्याच्या पायाशी अडकून थांबले. कठडा मी बांधून घेतलेला आहे, म्हणून आज हे लिहायला मी आहे. बसमधली एक बाई मूल उराशी धरून उभी होती. तिचे तोंड उघडे होते. ती किंचाळत असावी.

चालक खाली उतरला. त्याला मी ओळखतो. या मार्गावर तो फार वर्षे आहे, ओठ झाकून टाकणाऱ्या मिशांमुळे सगळे त्याला मिशीवाले म्हणतात. हातवारे करीत तो काहीतरी सांगत होता. मी त्याला एवढेच म्हणालो, “तुम्ही भोंगा दिला नाहीत. तुमच्या बसमध्ये लेकरे होती आणि तुम्ही भोंगा दिला नाहीत!” तो माझ्याकडे पाहतच राहिला. अपराधी माणूस असाच पाहतो.

रविवार, १३ ऑक्टोबर

आगारप्रमुखांकडे लेखी तक्रार दिली. सौ. म्हणाली, “एकदा त्याच्याशी बोलून तर घ्या. माणूस वाईट नाहीये तो.”

“माणसाच्या स्वभावाविषयी माझी तक्रार नाही, भोंग्याविषयी आहे.”

“आणि त्याने वाजवला असेल तर?”

“वाजवला असता, तर मला ऐकू आला असता.”

ती उठून भांडी घासू लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

आगारप्रमुख स्वतः घरी आले. माझ्या शब्दाला त्या खात्यात अद्याप मान आहे, हे पाहून समाधान वाटले. मिशीवाल्याला चौकशी होईपर्यंत गाडीवरून उतरवले आहे. आरोप सिद्ध झाल्यास त्याला पुन्हा चाक हाती देणार नाहीत. निवृत्ती दोन पावलांवर आली असताना असा डाग लागणे वाईट, असे आगारप्रमुख म्हणाले, आणि मला वाटते त्यांनी काही सुचवण्याचा प्रयत्न केला. परंतु तेही चहाच्या पेल्यात तोंड घालून बोलणाऱ्यांपैकी आहेत.

“प्रवासी काय म्हणतात?” मी विचारले.

“प्रवासी म्हणतात, वाजवला.”

“प्रवासी आपल्या चालकाची बाजू घेणारच.”

“तेही आहे म्हणा,” ते म्हणाले आणि सौ.कडे पाहिले. सौ. खिडकीबाहेर पाहत होती.

रविवार, २० ऑक्टोबर

मिशीवाला चालक दाराशी आला. दारावरची घंटा पुन्हा बिघडलेली असावी, कारण सौ.ने उठून दार उघडले तेव्हाच मला तो दिसला. खिडकीकडे पाठ करून बसला, त्यामुळे चेहऱ्यावर अंधार. बोलला ते सगळे मिशांत. शेवटी सौ. त्याच्या शेजारी बसून त्याचे म्हणणे मोठ्याने मला सांगू लागली. परक्या मुलखातला वकील आल्यासारखे दृश्य होते.

“ते म्हणतायत, मी लांब वाजवला. थांबलो. उत्तर आलं नाही, म्हणून गाडी काढली.”

“खोटे आहे.”

“ते म्हणतायत, हा नियम मी तुमच्याकडूनच शिकलो. नोकरीला लागलो तेव्हा तुम्ही स्वतः कोपरावर उभं करून दहादा वाजवून घेतला होता माझ्याकडून.”

हे मला आठवते. तेव्हा त्याला मिशा नव्हत्या.

“मग तर अधिक वाईट,” मी म्हणालो. “शिकवलेले विसरला.”

तो उठला. दाराशी थांबून त्याने काहीतरी विचारले, आणि या वेळी सौ.ने ते मला सांगितले नाही. मी विचारल्यावर म्हणाली, “काही नाही. तब्येत सांभाळा म्हणाले.” पण एवढ्या शब्दांसाठी त्याला जितका वेळ लागला, त्याहून ते वाक्य लांब होते. वाक्याची लांबी मला न ऐकताही कळते.

सोमवार, २१ ऑक्टोबर

मुलगी आली. तिचे औषधांचे दुकान आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर तिच्याकडे तपासणी असते.

“बाबा, मी वेळ घेतलीय. कानाच्या डॉक्टरांची.”

“कशासाठी?”

“कानासाठी. गुडघ्यासाठी कशी घेईन?”

“माझ्या कानांना काहीही झालेले नाही. तुमच्या जिभांना झाले आहे.”

“बाबा, त्या दिवशी मी तुमच्या मागे उभी राहून तीन हाका मारल्या.”

“मागून हाक मारणे असभ्यपणाचे आहे.”

“बरं, मग पुढून सांगते,” आणि ती खरोखरच माझ्या पुढ्यात येऊन बसली. “त्या माणसाची नोकरी जाईल, बाबा. तुमच्या एका शब्दावर.”

माझ्या एका शब्दावर! जणू मी शब्द उधळत फिरतो. मी त्याच क्षणी आगारप्रमुखांना कळवले : कोपरावर प्रत्यक्ष चाचणी घ्या. तीच बस, तोच चालक, तोच भोंगा. बस वळणाआड उभी करावी आणि वाहकाने खूण करताच भोंगा द्यावा. मी कठड्याशी, दरीकडे तोंड करून उभा राहीन, म्हणजे वाहकाची खूण मला दिसणार नाही आणि कोणाला शंकेला जागा राहणार नाही. उजवा हात वर धरीन. भोंगा कानी पडताच खाली घेईन. त्या ठिकाणी दिलेला भोंगा स्पष्ट ऐकू येतो हे एकदा सिद्ध झाले की, त्या दिवशी तो दिलाच नव्हता हेही आपोआप सिद्ध होईल.

मुलगी म्हणाली, “असं नका करू, बाबा. सगळ्यांसमोर नका करू.”

सत्य सगळ्यांसमोरच सिद्ध करायचे असते. आजच्या पिढीला चौकशी म्हणजे काय हे ठाऊक नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

सकाळी कोपरावर गेलो. मुलीने गाडी चालवली, सौ. मागे बसली. तिचा हट्ट होता. मीही वाद घातला नाही, कारण मला मन चाचणीवर केंद्रित ठेवायचे होते. आकाश धुतल्यासारखे होते. आगारप्रमुख, त्यांचा लिपिक, वाहक, आणि गंमत पाहायला थांबलेले चार-दोन रिकामटेकडे. बस वळणाआड गेली. वाहक अशा जागी उभा राहिला की, त्याला बसही दिसावी आणि आगारप्रमुखही. सारे माझ्या योजनेप्रमाणे.

मी कठड्याशी दरीकडे तोंड करून उभा राहिलो आणि हात वर केला.

समोरच्या उतारावर शेळ्यांचा कळप चरत होता. खाली मान घालून, शांतपणे. हवा स्थिर होती. एवढी शांतता मी त्या घाटात कधी अनुभवली नव्हती. मनात म्हणालो, हा वाहक खूण करायला किती वेळ लावतो! हात दुखू लागला, तरी मी तो सरळ ठेवला.

मग शेळ्यांनी माना वर केल्या. एकीने नव्हे, सगळ्यांनी, एकदम, आणि सगळ्यांनी एकाच दिशेला. कोपराकडे.

बिबट्या असावा, असे मला वाटले. मी हात वरच ठेवला. शेळ्या पुन्हा चरू लागल्या. थोड्या वेळाने कठड्यावरचा कावळा दचकून उडाला, आणि शेळ्यांच्या माना पुन्हा वर.

बिबट्या नव्हता.

मला तेव्हाच कळले, असे लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल. तरीही हात खाली घेता येईना. मी ठरवलेला नियम होता : भोंगा कानी पडला, तर हात खाली. भोंगा कानी पडला नव्हता. शेळ्यांवरून हात खाली घेणे ही लबाडी झाली असती. म्हणून मी तसाच उभा राहिलो, आणि शेळ्यांनी तिसऱ्यांदा माना वर केल्या.

सौ. माझ्या समोर, कठडा आणि माझ्या मध्ये, येऊन उभी राहिली. तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि हळूहळू खाली आणला.

“वाजला?” मी विचारले.

तिने होकारार्थी मान हलवली.

वळून पाहिले, तर आगारप्रमुख स्वतःचे बूट पाहत होते. रिकामटेकड्यांनाही हसू आले नव्हते. आले असते, तर मला बरे वाटले असते. मिशीवाला बसमधून उतरून येत होता. मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “या चालकाने भोंगा दिला होता. मी तो ऐकला नाही. माझी तक्रार असत्य आहे आणि मी ती मागे घेत आहे.” आवाज बहुधा फारच मोठा झाला असावा, कारण शेळ्यांनी या वेळी माझ्याकडे पाहिले.

मिशीवाल्याने माझ्या अगदी जवळ येऊन, तोंड वर करून, मिशा बोटांनी बाजूला सारल्या आणि म्हणाला, “असू द्या, साहेब.” प्रत्येक अक्षर मला ओठांवर दिसले.

परतताना मी शेजारच्या आसनावर बसलो. त्या बाजूने कठडा किती जवळ दिसतो, हे मला ठाऊक नव्हते.

शनिवार, २६ ऑक्टोबर

संताप अजून आहे, फक्त ठेवायला जागा सापडत नाही. सकाळी तो सौ.वर काढून पाहिला.

“तुला ठाऊक होते, तर सांगितले का नाहीस?”

“सांगितलं होतं. दोन वर्षं सांगतेय.”

“केव्हा?”

“तुम्ही ‘स्पष्ट बोल’ म्हणायचात ना, तेव्हा.”

म्हणजे हे सारे पक्षी परसातच होते. नभोवाणीवरची बाई स्वच्छ बोलत होती. टँकरवाला मला उत्तर ऐकू आले नाही हे ओळखून बोटांनी ‘दोन’ सांगत होता, आणि मी त्याला सुनावले. घाटातली सारी वाहने माझ्या नियमाप्रमाणे थांबत होती. बेशिस्त चालक त्या घाटात एकच होता. त्या बाईच्या उराशी धरलेले मूल डोळ्यांपुढून हलत नाही.

गाडीची किल्ली मुलीच्या हवाली केली. ती रडू लागली, तेव्हा मी तिला म्हणालो, यात रडण्यासारखे काय आहे, किल्लीच तर आहे. मग खोलीत येऊन दार लावून घेतले.

बुधवार, ६ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे जाऊन आलो. यंत्र मिळायला अवकाश आहे. डॉक्टरही पुटपुटतात, परंतु याविषयी माझे मत मी यंत्र येईपर्यंत राखून ठेवतो.

पुस्तिका अर्धी आहे. अर्धवट काम मला सहन होत नाही, म्हणून आज बसने गेलो. चाकावर मिशीवाले होते. त्यांनी मला आपल्या मागच्या आसनावर बसवले. मी त्यांना वळणांची वर्णने वाचून दाखवू लागलो, तेव्हा त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहत, मिशा सारून सांगितले, “साहेब, हळू. मला ऐकू येतं.” अख्खी बस हसली असावी, खांदे हलताना दिसले.

प्रत्येक वळणावर ते भोंगा दाबत आणि एक बोट वर करून मला दाखवत. उत्तर आले की दोन बोटे. मी उत्तरांची नोंद करीत गेलो. पुरवणीतल्या त्या गृहस्थांना कळवले पाहिजे की, या घाटात मृत्यूशी कोणी लपंडाव खेळत नाही; येथे माणसे एकमेकांना विचारून पुढे जातात.

कोपरावर एक बोट वर गेले. दुसरे गेले नाही. मिशीवाले थांबले, मग अगदी हळू निघाले. आणि वळणाच्या मध्यावर समोरून एक नवीकोरी गाडी, काचा वरपर्यंत बंद, आत चार तरुण माथी तालात हलत असलेली! करकचून ब्रेक लागले. दोन्ही वाहनांत हातभर अंतर राहिले.

माझे रक्त उसळले. मी उठून खिडकीतून डोके बाहेर काढले. संपूर्ण वाक्य जिभेवर तयार होते. कर्ता, कर्म, क्रियापद, सारे जागच्या जागी.

गाडीतल्या मुलाने काच खाली केली. चेहरा पांढराफटक. तो काहीतरी बोलला.

मिशीवाल्यांनी माझ्याकडे वळून, मिशा सारून सांगितले, “म्हणतोय, ऐकू नाही आलं.”

मी ते वाक्य बोललो नाही.

त्याला गाडी मागे घ्यावी लागणार होती, चढणाऱ्याला आधी. परंतु मागे वळण, एका अंगाला दरी, आणि तो नुसती दरीच पाहत होता. मी बसमधून उतरलो, त्याच्या गाडीमागे, कठड्यालगत, त्याला आरशात दिसेन अशा जागी जाऊन उभा राहिलो आणि उजवा हात वर धरला. तो हात पाहत पाहत पोरगा एकेक वीत मागे येऊ लागला. त्याचा तो यंत्रातला गोंगाट चालू होता की बंद, मला ठाऊक नाही. या कामाला कान लागत नाहीत.

रस्ता रुंद होतो, त्या नेमक्या जागी चाक आले, आणि मी हात खाली घेतला.